तीन गाठींची दोरी

"चेहरा नंतर पाहू. पहिले मागचा दरवाजा उघडा, भैया."

कुठलीही गाडी समोर आली की काकांचं हे वाक्य ठरलेलं होतं. मग उजवा हात पँटच्या खिशात जायचा आणि मिठाईच्या डब्याला बांधतात तसली पांढरी दोरी बाहेर यायची. दोरीला तीन गाठी. काका डावीकडचं मागचं दार उघडून आत वाकायचे, दोरीचं टोक सीटवर अंगठ्याने दाबायचे, पहिली गाठ छताकडे न्यायचे आणि एक डोळा मिटायचे. मग तेच टोक बाहेर जमिनीवर आणि दुसरी गाठ सीटच्या कडेला. शेवटी टोक सीटच्या पाठीला आणि तिसरी गाठ गुडघ्यांच्या जागेकडे. तिन्ही मापं झाली की दोरी बोटांभोवती गुंडाळत ते बाहेर यायचे आणि निकाल द्यायचे. पास किंवा नापास. मधलं काही त्यांच्याकडे नव्हतं.

आमचा अड्डा जबलपूरला, मदन महल स्टेशनच्या अलीकडे, पोहे-जलेबीच्या दुकानासमोर. दर रविवारी सकाळी आठ-दहा जण जमायचे. गाड्यांचं वेड असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. यांची स्वतःची गाडी बहुधा साधी असते आणि मतं मात्र जगातल्या प्रत्येक महागड्या गाडीबद्दल असतात. माझंच घ्या. मी वीज खात्यात नोकरी करतो, माझ्या छोट्या गाडीची मागची काच तीन वर्षांपासून खाली होत नाही, पण कुठल्या परदेशी सेडानचं नाक यंदा बिघडलं यावर मी पोहे थंड होईस्तोवर बोलू शकतो.

काका एका रविवारी जलेबी घ्यायला आले आणि आमचं बोलणं ऐकत उभे राहिले. अंगात इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, पायात कारखान्याचे काळे बूट. कुणीतरी विचारलं तेव्हा कळलं की सैन्याचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी मागच्या अ‍ॅक्सलची तपासणी केली. हे ऐकताच आमचे वकीलसाहेब उठले आणि स्वतःची प्लास्टिकची खुर्ची त्यांना दिली. त्या दिवसापासून ती खुर्ची काकांची झाली. जाताना ते न चुकता पावशेर जलेबी बांधून न्यायचे.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट उघड करून टाकतो. आम्ही दीड वर्ष गोंधळात काढलं, तुम्हाला त्यात ओढण्यात अर्थ नाही. काकांना गाडी घ्यायची नव्हती. त्यांना काकूंना नागपूरला न्यायचं होतं. मणक्याच्या ऑपरेशननंतर काकूंची पाठ ताठ झाली होती. स्टेशनचा जिना आणि डब्याची पायरी त्यांना जमत नव्हती. अँब्युलन्स मिळाली असती, पण काकूंनी साफ सांगितलं होतं, "माहेरी जाईन तर बसून जाईन. झोपून नाही." नागपूरला त्यांचे थोरले भाऊ होते, ऐंशी ओलांडलेले, त्यांनाही प्रवास होत नव्हता. बहीण-भावाची चार वर्षं भेट नव्हती. दोरीच्या तीन गाठी म्हणजे काकूंची तीन मापं होती. बसल्या जागेपासून डोक्यापर्यंत एक, ज्या उंचीवरून त्यांना उठता येत होतं ती दुसरी, आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंत तिसरी.

यातलं एक अक्षर काकांनी आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण आम्हाला सगळं आधीच समजलं होतं.

वकीलसाहेबांना तर फारच समजलं होतं. त्यांचं म्हणणं, दोरी म्हणजे कारखान्यातलं जुनं गेज आहे आणि तिच्यावरून छताच्या उताराचं चाकांच्या अंतराशी असलेलं प्रमाण कळतं. मी त्यावर मोबाइलच्या ग्रुपवर तीन परिच्छेद लिहिले. 'काकांच्या मते उत्तम सेडानचं छत कसं असावं' असं शीर्षक दिलं. काकांकडे तसला फोन नव्हता, त्यामुळे आपलं मत काय आहे हे त्यांना कधी कळलं नाही.

अडचण एवढीच होती की ही मतं एकमेकांशी जुळत नव्हती. एका ठेकेदाराने लाल रंगाची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार आणली. काकांनी दोरी खिशातून काढलीसुद्धा नाही, गाडीच्या टपावर लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा हात ठेवला आणि पोहे खायला बसले. दुसऱ्या रविवारी दूधवाल्याची चौकोनी व्हॅन उभी होती, तिला मात्र तिन्ही गाठींनी पास केलं. वकीलसाहेब पुढच्या रविवारी आलेच नाहीत.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "काका, तुम्हाला कुठली गाडी आवडते तरी?"

"आवडायचा काय संबंध आहे त्यात?" ते म्हणाले. "माल गेजला बसला पाहिजे."

गेज हा त्यांचा लाडका विषय होता. गेज म्हणजे मापाचा ठोकळा. कारखान्यात त्यांनी हजारो नग त्या ठोकळ्याला लावून पास-नापास केले होते. ते सांगायचे की माल खराब निघाला तर तो कारागिराचा दोष, पण चुकीचं गेज लावून चांगला माल फेकला तर तो इन्स्पेक्टरचा गुन्हा. आणि गेजसुद्धा दर सहा महिन्यांनी तपासावं लागतं. ते हळूहळू झिजतं आणि रोज वापरणाऱ्याला ते दिसत नाही. हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते सुरू झाले की मी जलेबी मागवायचो.

मग आली डॉक्टरांची सेडान.

आमच्यात एक दातांचे डॉक्टर होते. हिंदी माणूस, मन मोकळं, बोलणं कमी. वीस वर्षं दुसऱ्यांचे दात काढून त्यांनी आता स्वतःचं एक स्वप्न पुरं करायचं ठरवलं होतं. गाडी परदेशी, लांबलचक, काळी. बुकिंग झालं होतं. कंपनीने एका रविवारी ट्रायलची गाडी पाठवली आणि अड्ड्यावर नुसती झुंबड उडाली. पुढची जाळी एवढी मोठी की वकीलसाहेबांच्या मते ती गाडीचा चेहरा नसून दुकानाचं शटर होतं. दारांचे हँडल अंगात लपलेले, जवळ गेलं की आपोआप बाहेर येणारे. मागचे दिवे एका लाल पट्टीने जोडलेले. छत मागे घसरत गेलेलं, ते मला फार आवडलं आणि मी तसं म्हटलं.

खरी लढाई इंजिनावरून झाली. जुन्या मॉडेलला सहा सिलिंडर होते आणि ताकद फक्त मागच्या चाकांना जायची. नव्याला चारच सिलिंडर, मदतीला विजेची मोटर आणि ताकद चारी चाकांना. वकीलसाहेब म्हणाले की गाडीचा आत्मा काढून तिथे बॅटरी बसवली आहे. मी विजेच्या बाजूने बोललो, खात्याचं मीठ खातो म्हणून. शेवटी सगळे काकांकडे वळले. मागच्या अ‍ॅक्सलवर आयुष्य घालवलेला माणूस आता काय म्हणतो ते ऐकायचं होतं.

काकांनी दोरी लावली. दुसरी गाठ, तिसरी गाठ पास. गाडी हवेच्या सस्पेन्शनवर बटणाने थोडी उचलली जाते, त्यामुळे सीटची उंची बरोबर आली. पण पहिली गाठ छताला लागून खाली लोंबली. दोन बोटं कमी. मग ते मागच्या सीटवर मधोमध बसले आणि पायांकडे बघत राहिले. इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा गाडीखालून जातो, म्हणून मागच्या सीटसमोर मधोमध जमीन उंच असते.

"हा उंचवटा काहून ठेवला यांनी?" ते म्हणाले. "मधल्या माणसानं पाय कुठं ठेवावे?"

ते बाहेर आले, दोरी गुंडाळली आणि म्हणाले, "नापास."

वकीलसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्याने चौतीस वर्षं मागच्या चाकांची सेवा केली त्यालाच तो दांडा नको होता. मी घरी जाऊन ग्रुपवर लिहिलं की काकांच्या मते मागच्या चाकांचा जमाना संपला. वकीलसाहेबांनी लिहिलं की काकांचा राग चारी चाकांवर आहे. आमचं असं चार दिवस चाललं. डॉक्टर काहीच लिहीत नव्हते.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी खुर्ची काकांजवळ ओढली आणि शांतपणे सांगितलं, "काका, कल बुकिंग कैंसल कर रहा हूँ. आपने फेल कर दी, तो कुछ सोच के ही की होगी."

काकांच्या हातातला पोह्यांचा चमचा बशीत राहिला. आम्हाला वाटलं, आता दांड्याबद्दल काही मोठं ऐकायला मिळणार. मी तर मोबाइल काढून तयार होतो.

"नका करू कॅन्सल," ते म्हणाले. "गाडी चांगली आहे. माझ्याकडून चूक झाली, डॉक्टरसाहेब. गेज तुमच्या गाडीचं नव्हतं."

मग त्यांनी दोरी टेबलावर ठेवली आणि एकेक गाठ बोटाने दाखवत आम्हाला सगळं सांगितलं. काकूंची पाठ, नागपूर, भाऊ, बसून जाण्याचा हट्ट. मधल्या सीटवर ते स्वतः बसणार होते, काकूंच्या पाठीला हात लावून, म्हणून पायांचा प्रश्न होता. भाड्याच्या गाड्यांनाही त्यांनी दोरी लावून पाहिली होती. ज्यात काकू मावत होत्या त्या गाड्या खड्ड्यात आदळत होत्या, आणि ज्या आदळत नव्हत्या त्यांत त्या मावत नव्हत्या. दूधवाल्याच्या व्हॅनमधून एकदा अधारताल चौकापर्यंत नेलं होतं. परत आल्यावर दोन दिवस काकू बोलल्या नाहीत.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. दीड वर्ष तो माणूस आमच्या डोळ्यांसमोर बायकोला घेऊन जायला जागा शोधत होता आणि आम्ही छताच्या उतारावर परिच्छेद लिहीत होतो. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं का, हेही मला ठरवता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

डॉक्टर उठले. "चलिए, चाची से मिलते हैं," म्हणाले. मी गाडी काढली, काच खाली होत नाही तीच, आणि आम्ही तिघे महाराजपूरला काकांच्या घरी गेलो. काकांनी जलेबीचा पुडा मांडीवर धरला होता.

काकू खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. उशीला उशी लावून पाठ सरळ केलेली, खांदे मात्र पुढे आलेले आणि मान जराशी वाकलेली. पण डोळे एकदम तरतरीत. आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अच्छा, तर तुम्ही ते इतवारवाले," त्या म्हणाल्या. "यांच्या भरवशावर गाडी पाहून राहिले काय तुम्ही? यांना ट्रकशिवाय काही समजत नाही."

डॉक्टरांना मराठी बोलता येत नव्हतं पण समजत होतं. ते हसले. मग आपल्या सवयीने त्यांनी चौकशी केली, दुखणं कधीपासून, चालणं किती होतं. आणि ओघात विचारलं की माप कधी घेतलं होतं.

"ऑपरेशनच्या नंतर," काका म्हणाले. "दीड वर्ष झालं असेल. त्यात काय बदलून राहिलं?"

डॉक्टर हिंदीत म्हणाले की एकदा पुन्हा घेऊन बघूया. काकांनी दोरी खिशातच ठेवली. घरात बसून माप बरोबर येत नाही, खुर्ची वेगळी, सीट वेगळी, असं काहीबाही पुटपुटत राहिले. दर सहा महिन्यांनी गेज तपासायला सांगणारा माणूस हे बोलत होता. काय चाललंय ते मला कळेना.

"काहून नाही घेत?" काकू म्हणाल्या. "घ्या ना. डॉक्टरसाहेब म्हणून राहिले तर."

काकांनी दोरीचं टोक खुर्चीवर दाबलं आणि काकूंच्या पाठीमागून दोरी वर नेली. या वेळी त्यांनी एक डोळा मिटला नाही. पहिली गाठ काकूंच्या डोक्याच्या वर निघाली. त्यांनी टोक सोडलं, पुन्हा नीट दाबलं, पुन्हा वर नेलं. गाठ तिथेच आली, केसांच्या तीन बोटं वर.

काकूंना मागचं काही दिसत नव्हतं. "काय झालं? मावते का मी तुमच्या गाडीत?"

"मावते," काका म्हणाले. "पास आहे."

जुन्या गाठीच्या खाली त्यांनी नवी गाठ मारली. ती मारायला त्यांना फार वेळ लागला. डॉक्टर खिडकीबाहेर पेरूच्या झाडाकडे पाहत होते. मला आनंद व्हायला हवा होता, ज्यासाठी सगळी धडपड होती ते जमलं होतं. पण मी त्या जुन्या गाठीकडेच पाहत राहिलो. दीड वर्षात काकू तीन बोटं खचल्या हे काकांना माहीत होतं, की मापायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं? रोज काकूंना उठवणारा, बसवणारा, वेणी घालून देणारा माणूस, त्याला दिसलं नसेल असं कसं होईल? मी अजूनही या प्रश्नापाशी अडतो.

डॉक्टरांनी बुकिंग ठेवलं. गाडी हातात आली त्याच आठवड्यात त्यांनी दवाखाना एक दिवस बंद ठेवला. म्हणाले, गाडीचा पहिला लांबचा प्रवास हाच. सकाळी उजाडल्यावर निघालो. डॉक्टर चालवत होते, मी शेजारी, मागे डावीकडे काकू. गाडी बटणाने उचलली आणि काकू काकांच्या खांद्यावर हात ठेवून आत बसल्या. छत आणि केस यांच्यामध्ये एक बोट जागा उरली. काका मधोमध, एक पाय उंचवट्याच्या इकडे, एक तिकडे, घोड्यावर बसल्यासारखे. ज्या दांड्यावरून आम्ही चार दिवस भांडलो होतो त्याच्यावर मांड ठोकून तो माणूस जबलपूरहून नागपूरला गेला.

सिवनीपर्यंत काकू बोलत होत्या. जाळी कुरूप आहे म्हणाल्या. सीटचा रंग मळखाऊ घ्यायला हवा होता म्हणाल्या. गाडीत इंजिन आहे की नाही, आवाज काहून येत नाही, हेही विचारलं. पुढे जंगलाच्या रस्त्याला आवाज बंद झाला म्हणून मी वळून पाहिलं. काकू झोपल्या होत्या, बसल्या बसल्या, डोकं काकांच्या खांद्यावर. काकांचा हात त्यांच्या पाठीमागे होता आणि तो हात केव्हाचा बधिर झाला असणार. त्यांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली.

नागपूर जवळ आलं तेव्हा त्यांनी काकूंना हळूच उठवलं. खिशातून छोटा कंगवा काढून पुढचे केस सारखे केले.

भाऊ काठी टेकून फाटकातच उभे होते. डॉक्टरांनी बटण दाबलं, गाडी उचलली गेली, आणि काकू दाराला धरून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

"दादा, बसून आली हो मी," त्या म्हणाल्या.

भावाने काठी टाकली आणि दोन्ही हातांनी बहिणीचे हात धरले. आम्ही सामान उतरवण्यात उगाच वेळ काढला.

चहा झाल्यावर मी काकांना बाजूला गाठलं. राहवत नव्हतं. आता तरी सांगा म्हटलं, गाडी कशी वाटली? छत, इंजिन, चारी चाकं, काहीतरी.

काका विचारात पडले. मग जरा ओशाळून म्हणाले, "खरं सांगू? गाडी म्या पाहिलीच नाही."

ते दोघे नागपूरलाच राहिले. भावाचं घर तळमजल्याचं, बहीण-भाऊ समोरासमोर खुर्च्या टाकून बसतात, असं काका फोनवर सांगतात. परत येतो म्हणतात, पण कधी ते सांगत नाहीत. महाराजपूरच्या घराला कुलूप आहे. अड्ड्यावर त्यांच्या खुर्चीत कुणी बसत नाही. वकीलसाहेब तिच्यावर आपली पिशवी ठेवतात आणि कुणी नवा माणूस आला की खुर्ची भरलेली आहे म्हणून सांगतात.

दोरी डॉक्टरांच्या गाडीत राहिली. मागच्या डाव्या दाराच्या वर धरायची कडी असते, तिला काकांनी उतरताना ती बांधली होती. विसरले की मुद्दाम ठेवली, मला माहीत नाही. डॉक्टरांनी ती सोडली नाही.

कधीकधी रविवारी मी त्या सीटवर जाऊन बसतो आणि दोरीचं मोकळं टोक हातात घेऊन पहिल्या मापाच्या दोन्ही गाठी बघतो, वरची जुनी, खालची नवी. दोन्हींमध्ये तीन बोटं अंतर आहे. बाहेरून वकीलसाहेब विचारतात, काय, पास की नापास? मी दोरी सोडून बाहेर येतो. काय सांगावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.